आईच्या मुठीचं वजन: हिवाळ्याच्या सुट्टीत पहिल्यांदा खान्देशी रांधणाऱ्यांसाठी

माझं माहेर अमळनेरचं, सासर जळगावचं. दोन्ही घरांत उत्तम रांधणाऱ्या बायका होत्या, आणि दोन्हीकडे प्रमाण विचारलं की उत्तर एकच. मी विचारायची, "माय, कितलं टाकू?" आई मूठ पुढे करायची, "इतलं." ते "इतलं" मला कित्येक वर्षं जमलं नाही. तिच्यासारखंच सगळं घालायची, तरी भरीत कधी मचूळ, कधी शेंगदाण्यांनीच भरलेलं.

मग एका डिसेंबरात, मुलांना नाताळची सुट्टी होती आणि आई आमच्याकडे आलेली होती, तेव्हा मी स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा ओट्यावर ठेवला. आईला म्हटलं, नेहमीसारखीच मूठ घे, फक्त कढईत टाकायच्या आधी या ताटलीत टाक. तिची शेंगदाण्यांची मूठ भरली 45 ग्रॅम. माझी 60. मिठाची तिची चिमूट पाच बोटांची, 5 ग्रॅमच्या आसपास. मी आयुष्यभर तीन बोटांची घेत आले होते. आठ दिवस असं मोजत गेलो आणि एक वही भरली. खाली जे लिहिते आहे ते त्या वहीतलं आहे. बदलीने जळगाव-धुळ्याला आलेले, लग्न होऊन खान्देशात आलेल्या मुली, पहिल्यांदाच गॅससमोर उभे राहणारे कॉलेजचे पोरगे, सगळ्यांना यातलं जमेल. सगळी मापं चार माणसांची.

एक गोष्ट आधीच करून ठेवा: साधा स्वयंपाकघराचा काटा आणि मिलिलिटरच्या खुणा असलेला एक पेला. पहिले दोन-तीन वेळा मोजून करा. त्यानंतर तुमचा हातच माप धरायला लागतो.

सुरुवात भरिताने करा

खान्देशात थंडी पडली की पहिलं नाव भरिताचं निघतं, आणि शिकायलाही तेच पहिलं घ्यावं. यात पीठ मळणं नाही, थापणं नाही, वाटणाची खटपट नाही. वांगं चांगलं मिळालं तर निम्मं काम तिथेच झालं. चातुर्मासात वांगं सोडणाऱ्या घरांत तर चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवूनच वांगं परत ताटात येतं. तोवर बाजारात भरिताची वांगी भरभरून आलेली असतात.

वांगं कोणतं घ्यायचं? जांभळं, चकचकीत, शहरात सगळीकडे मिळतं ते नव्हे. आपल्याकडचं भरिताचं वांगं हिरवट-पांढरं, लांबोळकं, मोठं असतं. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. बामणोद, आसोदा, भादली या गावांची नावं भाजीवाले हमखास घेतात. गाव कोणतं का असेना, वांगं हातात घेऊन बघा. आकाराने मोठं पण हाताला हलकं लागलं पाहिजे. जड वांग्यात बिया भरलेल्या असतात आणि भरीत किरकिरीत, कडवट होतं. साल तुकतुकीत, देठ हिरवा, दाबल्यावर किंचित दबून परत वर येणारं. भोक दिसलं तर ठेवून द्या, आत कीड असते.

सामान असं: 1 किलो वांगी (तीन-चार येतात), 50 ग्रॅम हिरव्या मिरच्या, 25 ग्रॅम सोललेला लसूण, 45 ग्रॅम कच्चे शेंगदाणे, 30 ग्रॅम सुक्या खोबऱ्याचे पातळ काप, 120 ग्रॅम कांद्याची पात, 30 ग्रॅम कोथिंबीर, 100 मिली शेंगदाण्याचं तेल, 10 ग्रॅम मीठ, चहाचा एक चमचा जिरं. तेलाचा आकडा बघून दचकू नका. 70 मिलीतही होतं, पण त्याच्या खाली गेलात तर भरीत कोरडं पडतं. मिरच्या 50 ग्रॅम हे नव्या माणसाचं माप आहे, लवंगी असतील तर 30 च घ्या. आमच्या घरी 80 लागतात.

आता भाजणं. शेतात कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, म्हणजे पऱ्हाट्यांचा जाळ करून त्यात वांगी टाकतात. त्या धुराची चव गॅसला येत नाही हे मान्यच करायला हवं. तरी गॅसवर जाळी ठेवून चांगलं भरीत होतं. वांगी धुऊन पूर्ण कोरडी करा. प्रत्येकाला सुरीच्या टोकाने चार-पाच ठिकाणी टोचा. हे विसरू नका, आतल्या वाफेने वांगं फुटतं आणि गरम गर अंगावर उडतो. माझ्या धाकट्या जावेच्या मनगटावर तो डाग अजून आहे. देठ तोडू नका, फिरवायला त्याचाच आधार. आच मध्यम ठेवा आणि दर दोन मिनिटांनी वांगं थोडं थोडं वळवा. एका वांग्याला 12 ते 15 मिनिटं लागतात. मोठ्या आचेवर साल काळी होते आणि आतला गर कच्चा, पांढरा राहतो. नव्या माणसाची पहिली चूक बहुतेक हीच असते. भाजलं की नाही हे साल बघून ठरवू नका. देठाजवळ, जिथे वांगं सगळ्यात जाड असतं, तिथे सुरी खुपसा. ती न अडता आरपार गेली पाहिजे.

भाजलेली वांगी झाकणाच्या पातेल्यात दहा मिनिटं ठेवा. वाफेने साल सुटते. मग हात पाण्यात बुडवत बुडवत साल काढा. वांगं मात्र नळाखाली धरायचं नाही! सालीचे दोन-चार काळे कण राहिले तर राहू द्या, धुतलं की सगळा धूर आणि गोडवा मोरीत जातो. सोलल्यावर गर उभा चिरून आत कीड किंवा काळ्या बियांचा गोळा नाही ना, एवढं पाहून घ्या. एक किलोतून माझ्याकडे साधारण 700 ग्रॅम गर निघतो.

मिरच्या आणि लसूण चमचाभर तेलावर डाग पडेपर्यंत परतून, अर्धं मीठ घालून कुटा. आमच्याकडे यासाठी बडगी असते, लाकडाची, खोलगट. त्यातच मग वांग्याचा गर घालून लाकडी मुसळीने ठेचतात. बडगी नसेल तर जाड बुडाचं पातेलं आणि रवी किंवा लाकडी बत्ता घ्या. मिक्सर मात्र नको. मिक्सरमध्ये वांग्याचे धागे तुटतात आणि लापशी तयार होते. भरिताला रेषा दिसल्या पाहिजेत.

कढईत तेल तापवा, जिरं तडतडू द्या, आच मंद करा. शेंगदाणे लालसर होईपर्यंत परता, तीन-चार मिनिटं. मग खोबऱ्याचे काप, अर्धा मिनिटच, ते पटकन जळतात. मग चिरलेली पात, पांढरा भाग आधी, हिरवा नंतर. पात मऊ पडली की ठेचलेला गर आणि उरलेलं मीठ. पाच मिनिटं खालवर करत राहा. कडेने तेल दिसू लागलं की गॅस बंद, वरून कोथिंबीर. हळद नाही, टोमॅटो नाही, गरम मसाला तर नाहीच. टोमॅटो घातलेलं भरीतही लोक आवडीने खातात, त्यांनी खावं, पण खान्देशी भरीत म्हणून करायचं असेल तर वांग्याची चव मोकळी राहू द्या.

धुराची हौस असेल तर कोळशाचा एक लहान तुकडा गॅसवर लाल करा, भरिताच्या मधोमध छोट्या स्टीलच्या वाटीत ठेवा, त्यावर अर्धा चमचा तेल सोडून लगेच झाका. तीन मिनिटं पुरे, जास्त ठेवलं तर कडवट होतं.

फोडणी न घालता, कच्ची पात, कच्चं तेल आणि ठेचलेली मिरची घालूनही भरीत करतात. ते मला जास्त आवडतं, पण त्यासाठी वांगं खरोखर चांगलं लागतं.

मग शेवभाजी, म्हणजेच काळ्या वाटणाची ओळख

दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार असतील आणि भाजी आणायला वेळ नसेल, तर शेवभाजी. खान्देशातल्या ढाब्यांवर ही असतेच, आणि घरची त्याहून चांगली होते, कारण तेलाची तवंग आपल्या हातात असते. खरं शिकायचं ते वाटण. एकदा हे वाटण आलं की त्यात शेव, अंडी, वांगी, मटकी काहीही चालतं.

200 ग्रॅम कांदे (मध्यम दोन) सालासकट गॅसवर जाळीवर ठेवा. बाहेरून काळे आणि दाबल्यावर मऊ झाले पाहिजेत, दहा मिनिटं तरी लागतात. 40 ग्रॅम सुकं खोबरं, अख्खा तुकडा चिमट्यात धरून थेट आचेवर भाजा. त्याला जाळ लागला तर फुंकून विझवा. गडद तपकिरी झालं पाहिजे, कोळसा नव्हे. भाजीचा काळसर रंग इथून येतो. कांद्याची जळकी साल काढून टाका, खोबरं फोडून घ्या आणि दहा लसूणपाकळ्या, बोटाच्या पेराएवढं आलं, मूठभर (20 ग्रॅम) कोथिंबीर यांच्यासोबत थोडं पाणी घालून गंधासारखं बारीक वाटा. खोबरं भरड राहिलं तर रस्सा फाटल्यासारखा दिसतो.

कढईत 60 मिली तेल, त्यात वाटण. मध्यम आचेवर आठ ते दहा मिनिटं परतायचं आहे. नवशिके इथेच घाई करतात. वाटण आधी शिंतोडे उडवतं, मग घट्ट होतं, मग कढई सोडून गोळा होतं आणि कडेला तेल सुटतं. तेल सुटल्याशिवाय मसाला घालू नका, नाहीतर रश्शाला कच्च्या कांद्याचा वास राहतो. तेल सुटलं की आच मंद करून चहाचे दोन चमचे लाल तिखट, तीन चमचे खान्देशी काळा मसाला, अर्धा चमचा हळद. अर्धा मिनिट परतून 800 मिली कढत पाणी ओता. गार पाणी ओतलं की तर्री बसते आणि वर येत नाही. मीठ चहाचा एकच चमचा, कारण शेवेत मीठ असतंच. दहा मिनिटं उकळू द्या.

शेव भाजीची घ्या. दुकानात "भाजीची शेव" म्हणूनच मागा: जाड, तिखट, कडक. चार जणांना 150 ग्रॅम. बारीक शेव फरसाणात ठीक, रश्शात ती दोन मिनिटांत विरते. आणि शेव कढईत टाकून ठेवू नका. मी पहिल्यांदा केली तेव्हा पाहुणे यायच्या अर्धा तास आधी शेव रश्शात घालून झाकून ठेवली होती. उघडलं तर रस्सा नव्हताच, पिठल्यासारखा गोळा होता. तेव्हापासून शेव वेगळ्या ताटलीत ठेवते. पानं वाढल्यावर वाटीत शेव, वर कढत रस्सा, बाजूला कांदा-लिंबू.

हाच रस्सा उरला तर दुसऱ्या दिवशी त्यात पाणी वाढवून उकळा आणि डुबुकवडे सोडा. 150 ग्रॅम बेसनात ओवा, हळद, तिखट, मीठ घालून भज्यांच्या पिठापेक्षा जरा घट्ट भिजवा, आणि खळखळत्या रश्शात बोटांनी छोटे छोटे वडे सोडा. आधी बुडतात, मग वर येतात. वर आल्यावर आणखी पाच-सात मिनिटं शिजू द्या. रस्सा उकळत नसताना सोडले तर पीठ पसरतं. एवढंच सांभाळायचं.

रविवारी वरण-बट्टी

भंडाऱ्याच्या पंगतीत वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी खाल्ली नाही असा माणूस जळगाव जिल्ह्यात सापडणार नाही. घरी करायला वेळ लागतो, कौशल्य फारसं लागत नाही, म्हणून सुट्टीचाच दिवस घ्या आणि घरातल्या सगळ्यांना कामाला लावा.

पीठ महत्त्वाचं. गिरणीवर गहू देताना "बट्टीचं दळण" एवढं म्हटलं तरी खान्देशातला गिरणीवाला समजतो: रव्यासारखं जाडसर. 400 ग्रॅम गव्हाला 100 ग्रॅम मका असं मिसळून दळून आणा. ते शक्य नसेल तर 300 ग्रॅम कणीक, 150 ग्रॅम जाड रवा, 50 ग्रॅम मक्याचं पीठ. त्यात चहाचा एक चमचा ओवा हातावर चोळून, एक चमचा जिरं, अर्धा चमचा हळद, 8 ग्रॅम मीठ, पाव चमचा खायचा सोडा. 60 मिली तेल गरम करून पिठाला चोळा. मूठ दाबली की पिठाचा मुटका राहायला हवा. मग 200 मिली पाण्यापासून सुरुवात करा आणि लागेल तसं चमचा-चमचा वाढवा. पोळीच्या कणकेपेक्षा बरंच घट्ट भिजवायचं. अर्धा तास झाकून ठेवा.

हाताला तेल लावून मनगटाएवढे जाड लांबट रोल वळा. चाळणीला तेल लावून उकळत्या पाण्यावर 25 मिनिटं वाफवा. सुरी खुपसून कोरडी निघाली की झाले. आता धीर धरायचा: रोल पूर्ण गार होऊ द्या, किमान एक तास. गरम असताना कापले तर चुरा होतो. गार झाल्यावर दोन बोटं जाडीचे तुकडे करून मध्यम आचेवर सोनेरी, खुसखुशीत तळा. फार तापलेल्या तेलात वरून लाल आणि आत चिवट राहतात. तळण नको असेल तर तुकडे तुपाचा हात लावून तव्यावर उलटपालट भाजले तरी चालतात. चव थोडी उणी, पण रोजच्या जेवणाला पुरेशी.

वरण साधंच हवं. 200 ग्रॅम तूरडाळ, 600 मिली पाणी, हळद, हिंग, कुकरच्या चार शिट्ट्या. घोटून, पाणी घालून सरसरीत करा. फोडणीत जिरं, ठेचलेला लसूण, कढीपत्ता, दोन हिरव्या मिरच्या. खाताना ताटात बट्टी हाताने कुस्करायची, वर कढत वरण, वर चमचाभर साजूक तूप. बट्टी चमच्याने खाणाऱ्यांना पहिल्या घासाला तिची गंमत कळत नाही. हातानेच खा.

मुलांना मध्ये काहीतरी हवं असतं. तेव्हा तुरीच्या ओल्या शेंगा आणा, धुऊन अर्धा किलो शेंगांना 10 ग्रॅम मीठ आणि बुडेल एवढं पाणी घालून 15-20 मिनिटं उकळा. दाणे मऊ झाले की पाणी काढून परातीत ओता. पुढचं मुलंच बघतात.

कळण्याची भाकरी शेवटी

भाकरीला नवे लोक घाबरतात. साध्या ज्वारीच्या भाकरीला घाबरणं समजू शकते, तिला चिकटपणा कमी, थापताना कडा फाटतात. म्हणून मी सांगते की भाकरी शिकायची ती कळण्याचीच. ज्वारीत अख्खे काळे उडीद घालून दळलेलं पीठ म्हणजे कळणा. उडदाने पिठाला धरण येतं आणि नवख्या हातालाही ती जुळते. 750 ग्रॅम ज्वारी, 250 ग्रॅम काळे उडीद, 15 ग्रॅम खडेमीठ एकत्र दळून आणा. दादर, म्हणजे आपल्याकडची रब्बीची ज्वारी, मिळाली तर तीच घ्या. पीठ ताजं हवं. महिना झालेल्या पिठाची भाकरी थापताना तुटते, आणि दोष आपण हाताला देतो.

एका भाकरीला 100 ग्रॅम पीठ, साधारण 85 मिली कोमट पाणी. एका वेळी एकाच भाकरीचं मळा. परातीत तळहाताच्या टाचेने दोन मिनिटं रगडा. गोळ्याला भेग पडत नाही इतका तो गुळगुळीत झाला पाहिजे. मळण्यात कसर राहिली तर थापण्यात ती भरून निघत नाही. परातीत कोरडं पीठ पसरून गोळा ठेवा आणि बोटांनी कडेकडेने थापत फिरवा. पहिल्या भाकरी लहान करा, बशीएवढ्या. आईने मला ताटाएवढी करायची परवानगी दुसऱ्या हिवाळ्यात दिली.

तवा चांगला तापलेला हवा. पाण्याचा थेंब टाकताच उडाला पाहिजे. भाकरी तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येऊ द्या आणि लगेच तिच्यावर हाताने पाणी फिरवा, सगळीकडे सारखं. पाणी सुकत आलं पण अजून ओलसर चमक आहे, तेव्हा उलटा. पूर्ण सुकू दिली तर भेगा पडतात. दुसरी बाजू नीट भाजू द्या, डाग आले पाहिजेत. मग तवा बाजूला करून भाकरी उलटून थेट आचेवर. तिथे ती फुगते. पहिल्या पाचात एखादीच फुगेल, न फुगलेलीही नीट भाजली असेल तर चवीला उणी नसते. भाकरी जमेपर्यंत त्याच पिठाच्या पुऱ्या करून तळा. भरिताबरोबर कळण्याच्या पुऱ्या तर आमच्याकडे पाहुण्यांनाच वाढतात.

गरम भाकरीवर कच्चं शेंगदाण्याचं तेल, बाजूला ठेचा. त्यासाठी 50 ग्रॅम मिरच्या, दहा लसूणपाकळ्या आणि मूठभर शेंगदाणे तव्यावर तेलात परतून मिठासोबत जाडसर ठेचायचे. ठेचल्यावर हात तेल चोळून मग साबणाने धुवा. नुसत्या पाण्याने आग जात नाही, आणि तोच हात डोळ्याला लागला तर रात्र जाते. लहान मुलांना मिरच्या ठेचायला देऊ नका.

भरीत उरलं तर रात्री झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. सकाळी तव्यावर थोडं तेल टाकून परता आणि शिळ्या भाकरीबरोबर खा. शिळी भाकरी तव्यावर कडक करून घ्या. आमच्या घरात आदल्या दिवशीच्या भरितापेक्षा या न्याहारीवर जास्त भांडणं होतात, म्हणून मी आता एक किलोऐवजी दीड किलो वांगी आणते. वहीत त्याचंही माप लिहून ठेवलं आहे: शेंगदाणे 65 ग्रॅम, म्हणजे आईची दीड मूठ.